आउंके, पेरो आणि माझा गुडघा

परीक्षणं लिहायची मला जुनी खोड आहे. एका साप्ताहिकात मी तेवीस वर्षं नाट्यपरीक्षणं लिहिली. त्या तेवीस वर्षांत मी एकच वाक्य लिहिलं, असं आमच्या हिचं मत आहे. ते वाक्य असं : 'प्रयत्न स्तुत्य आहे, परंतु…' नाटकाचं नाव तेवढं बदलायचं आणि परंतुच्या पुढचा मजकूर नटमंडळींच्या मगदुराप्रमाणे भरायचा. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा निरोपसमारंभात संपादक म्हणाले, "कागद संपला, जाहिराती संपल्या, पण यांचा परंतु काही संपला नाही." लोक हसले. मीही हसलो. घरी येताना लक्षात आलं की, वाक्य त्यांनीही माझ्याच पद्धतीने रचलं होतं.

तर आज पुन्हा परीक्षण लिहायला बसलो आहे. परीक्षणाचा विषय नाटक नव्हे, कादंबरी नव्हे, तर स्पॅनिश भाषेच्या एका पाठ्यपुस्तकातला चौदावा धडा. पुस्तकाचं नाव सांगत नाही. कोणाच्या पोटावर पाय आणायचं माझं वय आता राहिलेलं नाही, आणि पाय उचलायचा म्हटला की गुडघा दुखतो. या गुडघ्याचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

सत्तरीच्या माणसाने स्पॅनिश शिकायचं कारण काय, असं कोणीही विचारील. कारण आमची विहीण. मुलगा नोकरीनिमित्त स्पेनमध्ये गेला, बायादोलिद नावाच्या गावी. नकाशात ते नाव व्हॅलाडोलिड असं वाचावंसं वाटतं, पण तिथे तसं म्हटलं तर रिक्षावाला नेणार नाही. म्हणजे तिथे रिक्षा असती तर. कोलंबस १५०६ साली याच गावात वारला. हिंदुस्थान शोधायला निघालेला माणूस जिथे हिंदुस्थान न बघता संपला, तिथे आमचा मुलगा हिंदुस्थानातून आपल्या पायांनी चालत गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न ठरवून मोकळा झाला. फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही यायचंच." मी म्हटलं, "गुडघा फार दुखतोय रे."

गुडघा दुखत होता हे खोटं नाही. पण तो कोणत्या कारणासाठी दुखत होता हे आमच्या हिला बरोबर ठाऊक होतं. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "गुडघा दुखत असला तरी विमान काही पायांनी चालवायचं नाहीये." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "असेल दुखत, पण लेकाचं लग्न एकदाच होतं." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दुखो नाहीतर मोडो, मी चालले." आणि गेली. लग्न नगरपालिकेत लागलं आणि एका नगरसेवकाने लावलं. आमचे नगरसेवक फार तर नळ लावून देतात. हिने फोटो आणले, त्यात पैठणी नेसून ही आणि तिच्या खांद्यावर हात टाकून विहीणबाई. फोटोत माझी जागा कुठे असायला हवी होती ते कोणी दाखवलं नाही, पण मला ती दर फोटोत दिसत होती.

विहीण या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही. साहेब मुलगी देतो, मुलगा देतो, पण पलीकडच्या आईबापाला काय म्हणायचं याची त्याने कधी पंचाईत करून घेतली नाही. स्पॅनिशमध्ये मात्र चांगला ठसठशीत शब्द आहे : कोन्सुएग्रा. हा शब्द कळला त्या दिवशी ही भाषा मला निम्मी आपली वाटली. उरलेल्या निम्म्या भाषेसाठी सदाशिव पेठेत शिकवणी लावली. मॅडम सव्वीस वर्षांच्या, सालामांकाला शिकून आलेल्या. त्या मला 'काका' म्हणतात, मी त्यांना 'मॅडम' म्हणतो, आणि गृहपाठ केला नसेल तर दोघेही एकमेकांना काही म्हणत नाही.

पहिले तेरा धडे मी नेटाने पार केले. पेरो म्हणजे 'पण' आणि पेर्रो म्हणजे 'कुत्रा', हा भेद जिभेला बसायला एक महिना गेला. दुसऱ्या शब्दातला र्र मिसळीच्या तर्रीतला आहे हे मॅडमनी सांगितलं तेव्हा कुठे जमलं. तोवर मी "जेवण चांगलं आहे, कुत्रा तिखट नाही" अशा धर्तीची बरीच वाक्यं बोलून चुकलो होतो.

मग चौदावा धडा आला. विषय : सवलत आणि विरोध. म्हणजे 'पण', 'तरी', 'असूनही', 'मात्र' वगैरे मंडळी. मनात म्हटलं, हा तर आपला घरचा प्रांत! तेवीस वर्षं याच भाकरीवर काढली. परंतु —

हा परंतु मात्र मनापासूनचा आहे.

धड्याची सुरुवात एका यादीने होते. पेरो, सिन एम्बार्गो, नो ओब्स्तान्ते, आ पेसार दे, आउंके… आणि प्रत्येकापुढे 'पण' किंवा 'जरी' असा अर्थ. एखाद्या लग्नात सगळ्या पाहुण्यांची ओळख 'हे आमचे नातेवाईक' एवढीच करून द्यावी तसला हा प्रकार. कोण सख्खा, कोण चुलत, कोणाला आधी वाढायचं, काही पत्ता नाही. मी यादी पाठ केली आणि हौसेने एकदा फोनवर सूनबाईला टोमॅटोबद्दल काही सांगताना 'नो ओब्स्तान्ते' म्हटलं. ती इतकी हसली की मुलाने फोन हातात घेऊन विचारलं, "बाबा, काय सांगितलंत?" हा शब्द तिकडे अग्रलेखात आणि सरकारी कागदात शोभतो. मी भाजीला 'तथापि' लावला होता.

यातला एकेक शब्द म्हणजे एकेक जुना वाडा आहे, पण पुस्तकवाला दारातूनच पुढे नेतो. सिन एम्बार्गो घ्या. एम्बार्गो म्हणजे जप्ती, आणि सिन म्हणजे वाचून. जिथे आपण 'तथापि' म्हणतो तिथे स्पॅनिश माणूस शब्दशः 'जप्तीवाचून' म्हणतो. दारात बेलीफ उभा नाही, तेव्हा बोलणं पुढे चालू द्या! आ पेसार दे हा तर आणखी हळवा. पेसार म्हणजे मनाला लागलेलं दुःख. पाऊस असूनही मी गेलो, हे स्पॅनिशमध्ये म्हणायचं तर पावसाला वाईट वाटलं तरी मी गेलो, अशी त्याची मूळची ठेवण. आणि आपला साधा पेरो? लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'म्हणून' असा, म्हणजे बरोबर उलटा. नकाराच्या वाक्यांत वापरता वापरता तो फिरला. यात नवल वाटायचं कारण नाही. 'साहेब आहे, म्हणून काय झालं?' या आपल्या वाक्यातला 'म्हणून' कितीसा 'म्हणून' राहिला आहे? आणखी दोनशे वर्षं आपण असेच साहेबाशी भांडलो तर आपल्याही 'म्हणून'चा 'पण' होईल.

एवढी गंमत दारात उभी असताना लेखकाने अडीच पानं खर्च केली आहेत ती पेरो आणि सिनो यांतल्या फरकावर. 'तो मूर्ख नाही, पण आळशी आहे' याला पेरो, आणि 'तो मूर्ख नसून आळशी आहे' याला सिनो. पुढे क्रियापद आलं तर सिनो के. झालं! मराठी माणसाला यात अडखळण्यासारखं काही नाही, कारण आपला 'नसून' हे काम आईच्या दुधाबरोबर शिकवतो. मग अडीच पानं का? कारण पुस्तक साहेबासाठी लिहिलेलं आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द, म्हणून साहेब अडखळतो, म्हणून पुस्तक घाबरतं, आणि पुस्तक घाबरतं म्हणून सदाशिव पेठेत मी चाळीस रिकाम्या जागा भरतो. आपण परक्या भाषा शिकतो त्यादेखील दुसऱ्याच्या भीतीसकट. असो.

आता मुख्य मुद्दा. आउंके म्हणजे 'जरी'. याच्यामागून क्रियापद दोन रूपांत येऊ शकतं. एक साधं, निश्चयार्थी. दुसरं सब्जुन्क्टिव्ह, ज्याला मराठीत नीट नाव नाही. मॅडम त्याला 'मनातलं रूप' म्हणतात. पुस्तकाने याचा नियम चौकटीत, ठळक अक्षरांत छापला आहे : गोष्ट खरी असेल तर निश्चयार्थी, खरी आहे की नाही हे ठाऊक नसेल तर सब्जुन्क्टिव्ह. 'पाऊस पडतोय तरी मी जातो' याला आउंके युएवे, आणि 'पाऊस पडला तरी मी जाईन' याला आउंके युएवा. इथवर सगळं सुरेख. मी चौकट पाठ केली, भिंतीवरसुद्धा चिकटवली.

आणि त्याच आठवड्यात विहीणबाईंचं पत्र आलं. माझ्या सत्तरीनिमित्त, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. हिला म्हटलं, "थांब, मीच वाचून दाखवतो." शुभेच्छा वाचल्या, नातवाच्या दातांची बातमी वाचली, आणि मग हे वाक्य आलं : 'आउंके नो बिनिएरा आ ला बोदा, आकी तिएने सु कासा.' तुम्ही लग्नाला आला नाहीत तरी इथे तुमचं घर आहे. बिनिएरा! सब्जुन्क्टिव्ह! मी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. गोष्ट खरी आहे की नाही हे ठाऊक नसेल तर. म्हणजे? मी लग्नाला आलो नव्हतो हे या बाईंना ठाऊक नाही? लग्नात मी असलो काय, नसलो काय, त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही?

आता तुम्ही म्हणाल, गेला नव्हता तो माणूस रागावतो कसला? अहो, न जाण्यामागेसुद्धा माणसाची एक अपेक्षा असते. आपण गेलो नाही हे निदान कोणाला तरी खुपावं. दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. उत्तर लिहायला घेतलं त्यात 'आपणास आठवत नसेल' अशी सुरुवात केली होती. ते तसंच पोस्टात पडलं असतं. पण व्याकरण तपासून घ्यावं म्हणून मॅडमकडे नेलं.

मॅडमनी दोन्ही पत्रं वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली. "काका," त्या म्हणाल्या, "'जरी तो माझा मुलगा असला तरी मी त्याची बाजू घेणार नाही', असं तुम्ही म्हणता की नाही?"

"म्हणतो."

"तेव्हा तो तुमचा मुलगा आहे की नाही याबद्दल शंका असते तुम्हाला?"

मी गप्प बसलो.

"मग 'आहे' न म्हणता 'असला' का म्हणता?"

साठ वर्षं मराठी लिहितो आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मग त्यांनी तेच वाक्य स्पॅनिशमध्ये लिहिलं. आउंके सेआ मि इखो. मुलगा आहे हे शंभर टक्के खरं, आणि रूप मात्र सब्जुन्क्टिव्ह. तिकडच्या वैयाकरणांनी याला 'वादातला सब्जुन्क्टिव्ह' असं नावसुद्धा दिलेलं आहे. गोष्ट खरी आहे, दोघांनाही माहीत आहे, पण ती मी बातमी म्हणून सांगत नाही. असू दे, ती बाजूला ठेवू, तिच्यावरून काही ठरत नाही. निश्चयार्थी रूप ऐकणाऱ्याला सांगतं. सब्जुन्क्टिव्ह सांगत नाही, उचलून कोपऱ्यात ठेवतं.

म्हणजे विहीणबाईंनी 'आउंके नो बिनो', 'तुम्ही आला नाहीत', असं लिहिलं असतं तर ते मला ऐकवल्यासारखं झालं असतं. त्यांनी ते ऐकवलं नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, ते राहू दे तिकडे, एवढंच एका क्रियापदाच्या शेपटीत त्या म्हणाल्या होत्या. आणि मी त्या शेपटीवर पाय देऊन भांडायला निघालो होतो.

माझा या धड्यावरचा मुख्य आक्षेप हा आहे. नियम चुकीचा नाही, अर्धा आहे. आणि अर्धा नियम ठळक अक्षरांत छापला की तो पूर्ण चुकीपेक्षा घातक. 'असला तरी'चा हा वापर पुस्तकात आहे, नाही असं नाही. तळटीप म्हणून आहे, दीड ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. चष्मा बदलल्यावर मला तो सापडला. ज्या रूपामुळे माणसं एकमेकांचे अपराध पदरात घेतात ते तळटिपेत, आणि मूर्ख व आळशी यांतला फरक अडीच पानं!

घरी येऊन मी आपलं शालेय व्याकरण काढलं. तिथलीही तऱ्हा फार वेगळी नाही. 'पण, परंतु' यांना न्यूनत्वबोधक म्हटलं आहे, ते मला तरी फार आवडलं. काहीतरी उणं आहे हे सांगणारे शब्द. माझ्या तेवीस वर्षांच्या परीक्षणांना याहून चांगलं शीर्षक मिळालं नसतं. पण 'जरी-तरी' कुठे? तर 'जर-तर'च्या पंगतीत, संकेतबोधक म्हणून. आता 'जर पाऊस पडला तर जाणार नाही' आणि 'जरी पाऊस पडला तरी जाईन' या दोन माणसांना एका पाटावर बसवणं म्हणजे कमाल आहे. पहिला पावसाच्या तंत्राने चालणारा, दुसरा पावसाला न जुमानणारा. एका वेलांटीचा फरक, पण संसार त्याच वेलांटीवर चालतात.

मग मला नादच लागला. मॅडमकडून एकेक वाक्य आणायचं आणि घरात जुळवून बघायचं. स्पॅनिश माणूस 'सेरा मुय लिस्तो, पेरो नो लो पारेथे' म्हणतो. सेरा हे भविष्यकाळाचं रूप. हुशार 'असेल', पण दिसत नाही. आपणही कबुली द्यायची नसली की भविष्यकाळात देतो : असेल पैसा त्याच्याकडे, शिकला असेल मोठा. आत्ताची गोष्ट, पण उद्यावर ढकललेली. 'पासे लो के पासे' म्हणजे आपलं 'काहीही होवो'. 'पोर मास के' म्हणजे 'कितीही… तरी'. बायादोलिदमध्ये कोलंबस कितीही सांगितलं तरी आपण आशियालाच पोचलो होतो म्हणत वारला असं मानतात. त्याला हे अव्यय शोभून दिसतं. आणि 'इ एसो के' नावाचं एक आहे, ते ऐकून तर मी उडालोच. झालेल्या गोष्टीवर मागून चिकटवायचं : 'तरी मी बजावून सांगितलं होतं!' हा खास आमच्या हिचा शब्दप्रयोग कास्तीलमध्ये कसा गेला हे संशोधकांनी बघावं.

हे सगळं जुळवताना एके रात्री मला त्या तीन दिवसांतली तीन वाक्यं आठवली. 'दुखत असला तरी' हा वादातला सब्जुन्क्टिव्ह. 'असेल दुखत, पण' हा कबुलीचा भविष्यकाळ. 'दुखो नाहीतर मोडो' ही तर 'पासे लो के पासे'ची सख्खी बहीण. एकही धडा न वाचता आमच्या हिने चौदावा धडा चढत्या क्रमाने माझ्यासमोर पूर्ण म्हटला होता, आणि मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. एकदाही ती म्हणाली नव्हती, 'गुडघा दुखत नाही.' तिने तो गुडघा मान्य केला होता आणि कोपऱ्यात ठेवला होता.

पुस्तकाच्या जमेची बाजूही सांगायला हवी, नाहीतर परीक्षण एकांगी होईल. कागद चांगला आहे. चित्रं सुबक आहेत. छत्री घेतलेला माणूस तर इतका हुबेहूब भिजलेला आहे की निश्चयार्थीच वापरावा. 'किंमत जास्त पण माल चांगला' आणि 'माल चांगला पण किंमत जास्त' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पेरोच्या मागे जे येतं ते जिंकतं, हे लेखकाने दोन ओळींत छान दाखवलं आहे. हे मला वेळेवर कळलं असतं तर 'भाषा सुंदर, परंतु नाटक लांबलं आहे' असं लिहिण्याऐवजी मी उलटं लिहिलं असतं, आणि एक नाटककार मला रस्त्यात अजून नमस्कार करत असता.

उत्तराचं पत्र मी नव्याने लिहिलं. पहिलंच वाक्य : 'आउंके नो फुई आ ला बोदा, किएरो इर आ सु कासा.' लग्नाला मी आलो नाही, तरी तुमच्या घरी यायची इच्छा आहे. मॅडमनी पेन्सिल उचलली.

"काका, इथे 'फुएरा' करू या. सब्जुन्क्टिव्ह. त्यांनीही तसंच लिहिलंय. जास्त नाजूक वाटेल."

"नको," मी म्हटलं. "त्यांनी बाजूला ठेवलं ते ठीक आहे. मी कसं ठेवणार? गेलो नाही तो मी."

मॅडमनी थोडा विचार केला आणि 'फुई' तसंच राहू दिलं. मात्र स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या.

रात्री हिने विचारलं, "काय लिहिलंत एवढं पानभर?"

मी वाचून दाखवलं. अर्थ सांगितला.

"आणि गुडघ्याचं?"

"गुडघ्याचं काही लिहिलं नाही."

"बरं केलंत," ही म्हणाली. "त्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं."